कॅमेरा वस्तीवर, चित्रण कुणाच्या ताब्यात?

खासगीपणाचा विषय निघाला की आपल्या वस्त्यांतून एक ठरलेले उत्तर येते : "आपल्याकडे लपवण्यासारखे आहे काय?" दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात. भिंतीपलीकडचे भांडण इकडे ऐकू येते. नळावर आणि शौचालयाच्या रांगेत सगळ्यांचे सगळ्यांना कळते. अशा जगण्यात खासगीपणा ही टॉवरमध्ये राहणाऱ्यांची चैन वाटली तर नवल नाही. पण घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत आज ज्या वेगाने पाळत वाढते आहे, ती पाहता हा प्रश्न टॉवरपेक्षा वस्तीचा अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेजाऱ्याला आपल्या घरातले कळणे वेगळे आणि सरकारी यंत्रणेकडे आपल्या चेहऱ्याची, फिरण्याची, मोर्चातल्या हजेरीची कायमची नोंद असणे वेगळे. शेजारी विसरतो, नोंद विसरत नाही.

आणि ही नोंद कुणाच्या बाजूने बोलते, याचा अनुभव आपल्या समाजाला दोनदा आलेला आहे.

१९९७ ची फीत, २०२४ चे चित्रण

११ जुलै १९९७. घाटकोपर पूर्वेच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्या धक्क्याने मुलुंडच्या झोपडीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी जीवन संपवले. जमाव गॅसचे टँकर पेटवून देणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असा बचाव तेव्हा करण्यात आला आणि त्याच्या समर्थनार्थ एक व्हिडिओ फीत पुढे केली गेली. न्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा आदेश देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुढे त्यांना उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या माहितीपटाने त्या फितीची चिरफाड केली, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

आता २०२४ कडे या. १० डिसेंबरला परभणीत रेल्वे स्थानकासमोरील पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, त्यात हिंसाचार, मग धरपकड. वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सीसीटीव्ही चित्रणाचा हवाला दिला आणि मारहाण झाल्याचे त्यात दिसत नाही, असे सांगितले. शवविच्छेदनात मात्र मृत्यूचे कारण अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे नोंदले गेले होते. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

या दोन घटनांत सत्तावीस वर्षांचे अंतर आहे. फितीच्या जागी सीसीटीव्ही आला, सरकारे बदलली. पण दोन्ही वेळा चित्रण ज्याच्या ताब्यात होते, त्यानेच त्याचा अर्थ आधी सांगितला. आणि मृतांच्या नातेवाइकांना तो अर्थ खोडून काढण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. पाळतीच्या प्रश्नाकडे आपण इथून पाहायला हवे. कॅमेरा असावा की नसावा, हा त्याचा एक भाग झाला. कॅमेरा कुणाकडे तोंड करून आहे, चित्रण कोण ठेवतो, कोण पाहतो आणि कोण दाबून ठेवू शकतो, हा त्याचा गाभा आहे.

उपनगरात काय काय गोळा होते आहे?

२६/११ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबईत सीसीटीव्हीची शिफारस केली. निविदांच्या घोळात वर्षे गेली आणि २०१५ मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीला सुमारे ९४९ कोटींचे काम मिळाले. २ ऑक्टोबर २०१६ रोजी या प्रकल्पाचे उद्घाटन झाले, तेव्हा सुमारे १,५०० ठिकाणी ४,७०० च्या आसपास कॅमेरे होते. त्यानंतर दुसरा टप्पा आला. उद्देश सांगितला होता दहशतवादाचा. काही दिवसांतच त्याच कॅमेऱ्यांवरून वाहनचालकांना ई-चलन जाऊ लागले. वाहतुकीचा नियम मोडणाऱ्याला दंड व्हावा, याबद्दल तक्रार नाही. पण एका कामासाठी बसवलेले यंत्र विनाचर्चा दुसऱ्या कामाला कसे लागते, याचे हे साधे उदाहरण आहे.

कॅमेऱ्यामागे आता संगणकाची साखळी उभी राहिली आहे. २०१९ पासून महाराष्ट्र पोलिसांकडे 'ॲम्बिस' ही प्रणाली आहे. बोटांचे व तळहाताचे ठसे, डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा यांवरून ती व्यक्ती ओळखते. २०२४ मध्ये राज्य सरकारने पोलीस तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी 'मार्व्हल' ही कंपनी स्थापन केली. केंद्राच्या २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्यांची मोजमापे घेण्याची व्याप्ती वाढवली आणि ती नोंद ७५ वर्षे ठेवण्याची सोय केली. विशीतल्या पोराला आंदोलनात पकडले, तर ही मुदत त्याच्या आयुष्याहूनही मोठी ठरू शकते.

हे झाले पोलिसांचे. वस्तीतल्या माणसाची माहिती त्याहून साध्या दारांनीही जाते. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण झोपड्यांचे बायोमेट्रिक सर्वेक्षण करते. रमाबाई नगर आणि शेजारच्या कामराज नगरच्या पुनर्विकासात सोळा हजारांहून अधिक कुटुंबांचा प्रश्न आहे. पात्रता यादीत नाव यायचे तर ठसा आणि फोटो द्यायचाच. नकार देणे म्हणजे घरावर पाणी सोडणे. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतला घरी नेण्याचा शिधाही पोषण ट्रॅकरवर लाभार्थीचा चेहरा जुळवून द्यायचा, असा केंद्राचा नियम झाला. शिध्यासाठी, घरासाठी दिलेल्या या होकाराला खरा होकार म्हणता येईल का? टॉवरमधल्या माणसाला विमानतळावर 'डिजीयात्रा' नको असेल तर तो ओळखपत्र दाखवून दुसऱ्या रांगेने जातो. आपल्या बाईला अंगणवाडीत अशी दुसरी रांग असते का?

यंत्राला शिकवणारी वही जुनीच

चेहरा ओळखणारे यंत्र निष्पक्ष असते, ते जात पाहत नाही, असे सांगितले जाते. यंत्र जात पाहत नसेल, पण त्याला दिलेली यादी कुठून आली?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, हजेरी लावली, गाव सोडायला परवाना लावला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातली वही चालूच राहिली. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या हिस्ट्रीशीटचा मुद्दा हाती घेतला. मागास, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि गरीब घरांतल्या निरपराध माणसांची नावे निव्वळ पूर्वग्रहातून त्यात घातली जातात, याची दखल घेऊन न्यायालयाने राज्यांना आपली धोरणे तपासायला सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामवाटणी रद्द केली. म्हणजे ठाण्यापासून तुरुंगापर्यंतची नोंद जातीने रंगलेली आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी आले आहे. तीच नोंद संगणकात ओतली, तर बाहेर काय येणार? आधी हवालदार वस्तीत येऊन ठरलेल्या चार पोरांना उचलत असे. आता यंत्र तीच चार नावे सांगेल आणि वर म्हटले जाईल की हे विज्ञान आहे.

विज्ञान म्हणावे तर त्याच्या मर्यादाही मोजलेल्या आहेत. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधक महिलांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. आपल्या देशात, दिल्ली पोलीस ८० टक्के साम्य असले की ओळख पटली असे धरतात, हे २०२२ मध्ये माहिती अधिकारात उघड झाले.

चूक झाली तर किंमत कोण मोजतो, हे मुंबईनेच पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्यात अभिनेते सैफ अली खान यांच्यावर हल्ला झाला. इमारतीच्या जिन्यातल्या कॅमेऱ्यात टिपलेला चेहरा देशभर फिरला. एका साध्या चालकाला छत्तीसगडमधल्या दुर्ग स्थानकावर रेल्वेतून उतरवून ताब्यात घेतले गेले आणि त्याचा फोटो वाहिन्यांवर झळकला. दुसऱ्या दिवशी ठाण्यात दुसराच आरोपी पकडला गेला आणि हा सुटला. पण नोकरी गेली, ठरत आलेले लग्न मोडले, असे त्याने स्वतः माध्यमांना सांगितले. इथे चूक यंत्राने केली की माणसाने, हा मुद्दा गौण आहे. एका अंधुक फोटोवरून गरिबाचे आयुष्य विस्कटते आणि त्याला भरपाई देण्याची कसलीही व्यवस्था नाही, हा मुख्य मुद्दा आहे.

मनगटावरची पाळत

पाळत केवळ पोलीसच ठेवतात असे नाही, मालकही ठेवतो. शहराची सफाई कोणत्या समाजांच्या माथी आहे, हे वेगळे सांगायला नको. दीक्षाभूमीच्या नागपुरात महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कामगार कुठे आहे, किती वेळ थांबला, हे कार्यालयात बसून दिसू लागले. घड्याळाने दगा दिला तर हजेरी जाण्याची धास्ती, आणि स्त्री कामगारांच्या मनात हे यंत्र आपल्याला कधीकधी ऐकते-पाहते काय, ही भीती. कामचुकारपणा थांबवायचा आहे, असे प्रशासन म्हणते. मग हातमोजे, गमबूट वेळेवर मिळाले का, गटारात माणूस उतरवला गेला का, यावर लक्ष ठेवणारे घड्याळ कोणत्या अधिकाऱ्याच्या मनगटावर आहे? ज्याच्या हाती सत्ता त्याच्यावर नजर नाही, ज्याच्या हाती झाडू त्याच्यावर मात्र क्षणाक्षणाची. जुन्या गावगाड्यात हजेरी द्यायला कोण जात असे आणि घेत कोण असे, याची आठवण यावी असेच हे आहे.

मग कॅमेरेच नकोत का?

असे आम्ही म्हणत नाही. आपल्या वस्त्यांतल्या बायका रात्रपाळी संपवून स्थानकातून अंधाऱ्या गल्लीने घरी येतात. त्यांना कॅमेरा आणि दिवा दोन्ही हवे आहेत. पुतळ्यांजवळ कॅमेरे लावा, ही मागणी आपल्याच कार्यकर्त्यांनी गावोगावी केली आहे आणि ती रास्त आहे. १९९७ ची ती पहाट कॅमेऱ्यात असती, तर पुतळ्यापर्यंत पोहोचलेला हात कुणाचा होता, हा प्रश्न वस्तीच्या मनात इतकी वर्षे सलत राहिला नसता. अत्याचाराच्या खटल्यांत साक्षीदार फुटतात. चित्रण फुटत नाही, जर ते जपले गेले तर.

म्हणूनच फरक नीट लक्षात घ्यायला हवा. पुतळ्याकडे किंवा गल्लीच्या तोंडाकडे पाहणारा, ठरावीक दिवसांनी चित्रण पुसणारा कॅमेरा ही एक गोष्ट. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा यादीशी जुळवणारी यंत्रणा ही वेगळीच गोष्ट. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंची गर्दी होते. हरवलेले मूल शोधायला, चेंगराचेंगरी टाळायला कॅमेरे जरूर असावेत. पण अभिवादनाला आलेल्या माणसाची नोंद 'कोण कुठल्या सभेला जातो' या यादीत जाता कामा नये. २०२० च्या दिल्ली दंगलीनंतर मतदार ओळखपत्रांची आणि वाहन परवान्यांची माहिती चेहरे जुळवण्यासाठी वापरल्याचे गृहमंत्र्यांनी संसदेतच सांगितले होते. मतदानासाठी दिलेला फोटो उद्या मोर्चातला माणूस शोधायला वापरला जाऊ शकतो, हे त्यातून उघड झाले.

आणि जिथे कॅमेरा सर्वांत आधी हवा, तिथे तो बंद असतो. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीपासून व्हरांड्यापर्यंत, आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचा आणि ते १८ महिने, किमान वर्षभर तरी जपण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाला ठाण्यांतले कॅमेरे चालत नाहीत म्हणून पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली. रस्त्यावरचा कॅमेरा चोवीस तास चालू आणि ठाण्यातला नेमका मारहाणीच्या वेळी नादुरुस्त, हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

बाबासाहेबांनी मागितलेले संरक्षण

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन घटना समितीसाठी तयार केले. त्यातल्या मूलभूत हक्कांत, नागरिकाची व्यक्ती, घर आणि कागदपत्रे यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे, असे कलम होते. क. मा. मुन्शींच्या मसुद्यातही असे संरक्षण होते. पण अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांनी आक्षेप घेतला. पोलिसांच्या तपासात अडथळा येईल, ही भीती होती. कलम गळाले. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात असे कलम घटनेत नाही, याच कारणाने न्यायालयाने खासगीपणाचा दावा नाकारला. १९६२ मध्ये खरक सिंह खटल्यात पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी रद्द झाल्या, पण बाकीची पाळत तशीच राहू दिली गेली. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि सरकारला त्यात शिरायचे तर कायदा हवा, गरज दाखवायला हवी आणि उपाय गरजेच्या प्रमाणात हवा.

म्हणजे बाबासाहेबांनी सत्तर वर्षांपूर्वी जे मागितले, त्याच्या जवळ न्यायालय २०१७ मध्ये पोहोचले. खासगीपणाला पाश्चात्त्य किंवा उच्चभ्रू कल्पना म्हणणाऱ्यांना आपण हे ठामपणे सांगायला हवे. अस्पृश्यांच्या मागण्यांच्या निवेदनात ते कलम होते.

या तीन कसोट्यांवर मुंबईतली चेहरा ओळखणारी पाळत घासून पाहा. तिला परवानगी देणारा, मर्यादा घालणारा स्वतंत्र कायदा नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण केंद्राला आपल्या हव्या त्या यंत्रणेला त्यातून सूट देता येते. उलट याच कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या तरतुदीत बदल करून अधिकाऱ्यांना नकार देणे सोपे केले. नागरिक सरकारला पारदर्शक आणि सरकार नागरिकाला अपारदर्शक, असा हा उलटा न्याय आहे. जगात दुसरे मार्ग निघाले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने २०१९ मध्ये पोलिसांसह शहराच्या सर्व खात्यांना चेहरा ओळखण्याचे तंत्र वापरायला बंदी केली. युरोपीय संघाच्या कायद्याने पोलिसांना सार्वजनिक जागी तत्क्षणी चेहरे जुळवायला, ठरावीक गंभीर गुन्ह्यांचे अपवाद सोडून, मनाई केली आहे.

आपण काय करायचे?

मागण्या नेमक्या असाव्यात. चेहरा ओळखण्याच्या तंत्राला विधिमंडळात चर्चा होऊन कायदा होईपर्यंत सार्वजनिक जागी स्थगिती. सभा, मोर्चे आणि अभिवादन सोहळ्यांत चेहरे जुळवण्यास पूर्ण मनाई. पुनर्विकासासाठी घेतलेले ठसे-फोटो पुनर्विकासाखेरीज कुठेही वापरले जाणार नाहीत, अशी लेखी हमी आणि काम संपल्यावर ते पुसण्याची मुदत. कोठडीत मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास चित्रणाची प्रत ठरावीक तासांत नातेवाइकांच्या वकिलाला.

तोवर हातात असलेली साधने वापरू. प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी आपल्या पोलीस ठाण्याला माहिती अधिकारात विचारावे : ठाण्यात कॅमेरे किती, चालू किती, चित्रण किती दिवस ठेवता, शेवटची दुरुस्ती कधी? ही कुणाची वैयक्तिक माहिती नव्हे, त्यामुळे त्या कारणाने ती नाकारता येणार नाही. ठाण्यात मारहाण झाली तर त्याच दिवशी मानवी हक्क आयोगाकडे लेखी अर्ज देऊन चित्रण मागवण्याची विनंती करावी. सैनी निकालाने आयोगाला ते अधिकार असल्याचे स्पष्ट केले आहे. उशीर झाला की चित्रण पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. बायोमेट्रिक सर्वेक्षणाला येणाऱ्यांकडून ओळखपत्र आणि पावती मागावी.

सुरुवात आपल्या अंगणातूनही व्हावी. अनेक विहारांत, सोसायट्यांत आता कॅमेरे आहेत. त्याचे चित्रण कुणाच्या मोबाइलवर दिसते? कोणती मुलगी कुणाशी बोलत होती, हे त्यातून पाहून व्हॉट्सॲपच्या गटात टाकले जात असेल, तर आपणही पाळतीचेच राज्य चालवत आहोत. विहार समितीने ठराव करावा : कॅमेरा दारावर आणि दानपेटीवर, चित्रण पंधरा दिवस, पाहायचे तर दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीने, त्यातली एक सही महिलेची.

रमाबाई नगरात आता मोठमोठ्या इमारती उभ्या राहणार आहेत. त्यांच्या फाटकांवर, जिन्यांत, लिफ्टमध्ये कॅमेरे बसतील. घराची चावी घेताना त्या कॅमेऱ्यांची चावी कुणाकडे राहणार, हेही गृहनिर्माण संस्थेच्या पहिल्याच सभेत विचारून घ्यावे. ज्या वस्तीविरुद्ध एकदा चित्रण वापरले गेले, तिला हे विचारण्याचा हक्क इतर कुणाहूनही जास्त आहे.

जय भीम.